आईंची प्रोबायोटिकची कॅप्सूल बंद करा, पण तपासणी टाळू नका

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आई ६३ वर्षांच्या, संगमनेरजवळच्या गावात राहतात. दिवाळीनंतर दाढ दुखत होती म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स झाला, त्यात जुलाब लागले. मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपकारक अशा जिवंत सूक्ष्मजीवांच्या, कॅप्सूल आणल्या, चार दिवसांत जुलाब थांबले. पण कॅप्सूल आज पाच महिने रोज चालू आहे, कारण आता पोटात गुबारा धरतो आणि पोट साफ होत नाही. पुण्याच्या भावाचं म्हणणं, फ्रिजमध्ये ठेवावी लागते ती महागातली घ्या. ताईंच्या साडेतीन वर्षांच्या मुलालाही जुलाब झाले की प्रोबायोटिकच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या पाजल्या जातात. आणि आई विचारतात, "जन्मभर घरचं दही-ताक खाल्लं, मग हे विकतचं कशाला?"

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. आईंची कॅप्सूल उद्यापासून बंद केली तरी चालेल. हळूहळू कमी करायचीही गरज नाही. तिचं काम पाच महिन्यांपूर्वीच संपलं आहे. आणि आता जो त्रास होतोय तो दुसऱ्या कारणाने होतोय, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. त्या कारणाकडे मी येतोच.

जुलाब का लागले ते समजून घेऊ. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. न पचलेला चोथा ते आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात ती आतड्याच्या अस्तराला पोसतात, पाणी शोषायला मदत करतात. दाढेतल्या जंतूंसाठी घेतलेलं औषध पोटातल्या या वस्तीलाही झोडपतं. मग न पचलेला भाग तसाच राहतो, पाणी ओढून घेतो आणि शौचाला पातळ होते. दातांसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जोडलेलं असेल तर ते स्वतःच आतड्याची हालचाल वाढवतं. औषध थांबलं की बहुतेकांचे जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. म्हणजे आईंचे जुलाब कॅप्सूलने थांबले की कोर्स संपल्यामुळे, हे आज कोणीच सांगू शकणार नाही.

प्रोबायोटिकचा इथे उपयोग नाही असं मात्र मी म्हणत नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळणं, हीच या औषधांची सर्वात भक्कम जागा आहे. २०१२ साली ८२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा की अँटिबायोटिक घेणाऱ्या १३ जणांना बरोबरीने प्रोबायोटिक दिलं, तर त्यातल्या एकाचे जुलाब टळतात. बाकीच्या बारांना तसा फरक पडत नाही. ज्याला मागच्या वेळी अँटिबायोटिकने हैराण केलं होतं, त्याला मी लिहून देतोच. पण पहिल्या गोळीबरोबर किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सुरू करायला सांगतो, जुलाब लागल्यावर नाही. जिवाणूंची कॅप्सूल असेल तर दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर अँटिबायोटिक तिलाही मारून टाकतं. कोर्स संपल्यावर आणखी आठवडाभर, आणि मग बंद.

बंद का, तर त्यामागेही कारण आहे. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग मांडला. अँटिबायोटिक घेतलेल्या निरोगी माणसांच्या आतड्यात दुर्बीण घालून त्यांनी पाहिलं, की मूळची वस्ती किती दिवसांत परत येते. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्यात ती तीन आठवड्यांत बरीचशी पूर्ववत झाली. ज्यांना अकरा जातींचं प्रोबायोटिक दिलं त्यांच्यात मात्र ती रेंगाळली. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्यांना एकच नियम लावता येणार नाही. पण "घेत राहिलं तर तोटा तरी काय" हे वाक्य मी तेव्हापासून रुग्णांसमोर उच्चारलेलं नाही.

आता त्या कॅप्सूलचं पाकीट हातात घ्या. अन्नपदार्थ म्हणून विकली जाणारी असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असेल, औषध म्हणून असेल तर औषधाचा परवाना क्रमांक. मग जिवाणूंची नावं पाहा. नाव तीन भागांचं हवं. उदाहरणार्थ, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. पहिला भाग कुळ, दुसरा जात, आणि शेवटचं "जीजी" म्हणजे तो नेमका वाण. गॉर्बाक आणि गोल्डिन या दोन संशोधकांची ती आद्याक्षरं. नुसतं "ज्वारी" म्हटल्यावर मंगळवेढ्याचा शेतकरी तुम्हाला विचारेल, कुठली? मालदांडी की संकरित? पाणी किती लागेल, कडबा किती निघेल, भाकरी कशी होईल, सगळं वाणावर ठरतं. जिवाणूंचंही तेच. एका वाणावर झालेली चाचणी त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला लागू होत नाही. पाकिटावर नुसतं "लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस" असं लिहून पुढे काहीच नसेल, तर ते कशावर उपयोगी पडेल हे मलाही सांगता येत नाही.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत: सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा प्रमाणात हवेत, आणि त्यांचा फायदा सिद्ध झालेला हवा. दुकानातल्या बऱ्याच पाकिटांची अडचण तिसऱ्या अटीशी असते.

भावाच्या फ्रिजच्या मुद्द्याबद्दल. फ्रिजमध्ये ठेवावी लागते म्हणजे ती चांगली, असं नाही. बॅसिलस क्लॉसाय नावाचा जिवाणू बीजाणूच्या रूपात दिलेला असतो. म्हणजे कठीण कवचातलं झोपलेलं बी म्हणा. त्याला उष्णता सोसते, जठरातलं आम्लही सोसतं. मुलाला पाजता त्या कुप्यांमध्ये बहुतेक वेळा हाच असतो. सॅकरोमायसिस बुलार्डी तर जिवाणू नाहीच, तो यीस्ट आहे. हेन्री बुलार्ड हे फ्रेंच शास्त्रज्ञ १९२० च्या सुमारास इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात, होते, तिथे पटकीची साथ होती. लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात आणि त्यांना आराम पडतो, हे त्यांनी पाहिलं, आणि त्या सालींवरून हे यीस्ट वेगळं काढलं. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारत नाही, दोन तासांचं अंतरही पाळावं लागत नाही. पण बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी चालू असेल तर मात्र ते जगत नाही. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम हे नाजूक. त्यातल्या अनेकांना खरोखरच गारवा लागतो. विदर्भात मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत चार दिवस फिरलेल्या अशा डबीतले किती जिवंत उरले असतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ऑनलाइन मागवू नका, एवढंच सांगतो.

ताई, आता आईंच्या आजच्या त्रासाकडे येऊ. तुमच्या प्रश्नात एक ओळ होती जी तुम्ही सहज लिहिली असेल, पण मी तिथेच थांबलो: "दाढ काढल्यापासून आई भाकरी खात नाही, वरण-भात आणि चहात बुडवून टोस्ट एवढंच चालतं."

गेली बावीस वर्षं मी पोटाचे रुग्ण तपासतोय, आणि साठीच्या पुढच्या बायकांमध्ये ही साखळी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दात दुखतो, चावता येत नाही, म्हणून भाकरी सुटते. भाकरीबरोबर पालेभाजी सुटते, कारण वरण-भाताबरोबर ती कमी खाल्ली जाते. काकडी, कांदा, शेंगदाण्याची चटणी, पेरू, सगळं एकेक करून ताटातून जातं. उरतो तो पांढरा भात, साबुदाणा, मैद्याचा टोस्ट. या सगळ्यात चोथा जवळजवळ नाहीच. शौचाला खडा धरतो, मल आतड्यात जास्त वेळ पडून राहतो, जिवाणू त्याला आंबवत बसतात आणि वायू होतो. मग गुबारा. त्यावर आपण बाहेरून आणखी जिवाणू पाठवतो, पण त्यांनी खायचं काय? आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं अन्न म्हणजे चोथा. तोच ताटात नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला दाताच्या डॉक्टरांकडे परत जाण्याचा आहे. दाढेच्या जागी कवळी किंवा जे बसवता येईल ते बसवून घ्या. तोवर भाकरी ताकात कुस्करून द्या. ज्वारीची ताजी भाकरी, वरून घुसळलेलं ताक, किंचित मीठ, जिऱ्याची पूड. दहा मिनिटं झाकून ठेवली की चावावी लागत नाही. माझी आजी शेवटची काही वर्षं दुपारी हेच जेवायची. त्याबरोबर दुधी, लाल भोपळा, दोडका, मऊ शिजवलेली मेथी. संध्याकाळी पिकलेली पपई. रात्री इसबगोल एक चमचा, पेलाभर पाण्यात, आणि वर आणखी पेलाभर पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलटा खडा धरतो, हे विसरू नका. सगळं एका दिवसात सुरू करू नका. पाच महिने मऊ अन्नाची सवय झालेल्या आतड्यावर एकदम चोथा टाकला तर पहिला आठवडा गुबारा वाढतो, आणि मग आई म्हणतील, "तुझ्या डॉक्टरांनी अजून बिघडवलं." आधी भाकरी, चार दिवसांनी इसबगोल. चवळी, राजमा, कच्चा कांदा यांनी त्यांना जास्त फुगत असेल तर ते सध्या बाजूला ठेवा.

आईंच्या बाकीच्या गोळ्याही पाहा. मी रुग्णांना घरातला गोळ्यांचा डबा उचलून तसाच आणायला सांगतो. कॅल्शियमने आणि लोहाच्या गोळीने खडा धरतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही धरतो. आणि पित्ताची ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी, जी कधीतरी आठवडाभरासाठी दिलेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते, ती आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढवते. आई ती घेत असतील तर ती अजून लागते का, हे विचारून घ्या.

दही-ताकाबद्दल आई विचारतात ते अगदी योग्य आहे. एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांना १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. आंबवलेल्या दुधाने आतडं निरोगी राहतं ही कल्पना विज्ञानात रुजवली ती त्यांनीच, आणि तीही बल्गेरियातल्या शेतकऱ्यांचं दही पाहून. घरच्या विरजणात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू भरपूर असतात, पण ते नेमके कोणते आणि किती, हे घरागणिक, ऋतूगणिक बदलतं. म्हणून काटेकोर व्याख्येत घरचं दही प्रोबायोटिक ठरत नाही. औषध म्हणून, मोजून, ठरलेल्या दुखण्यावर ते देता येत नाही. रोजचं अन्न म्हणून मात्र मी त्याला कॅप्सूलच्या वर ठेवतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही पचतं, हे तर पक्कं सिद्ध आहे: दह्यातले जिवंत जिवाणू दुधातली साखर फोडायला मदत करतात. शिवाय प्रथिनं आणि कॅल्शियम आहेच.

फक्त एवढं लक्षात घ्या की कढी उकळली की जिवाणू मेले. इडली, ढोकळा, आंबोळी यांचं पीठ आंबतं तेव्हा जिवंत असतं, वाफेवर किंवा तव्यावर गेलं की नाही. तरीही आंबवल्यामुळे ते पचायला हलकं होतं, त्यासाठी खा. आपलं तेलामिठातलं कैरीचं लोणचं प्रोबायोटिक म्हणून सांगितलं जातं ते मला पटत नाही. एवढं मीठ रक्तदाबवाल्या माणसाला मी सुचवणार नाही. नाचणीची आंबील करताना मात्र एक छोटा बदल करता येतो. आंबील शिजवून कोमट होऊ द्या आणि ताक शेवटी घाला. उन्हाळ्यात आईंना सकाळी हीच द्या. विरजण रोज ताजं लावा. चार दिवसांचं आंबट ढाण दही त्यांच्या पोटाला नको.

मुलाच्या बाबतीत मात्र कुप्यांचा विचार सर्वात शेवटी करा. जुलाबात लहान मूल दगावतं ते पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण कितीतरी खाली आणलं. ते पाणी म्हणजे ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट असं अंदाजाने नको. फळांच्या चवीच्या तयार डब्यांना ओआरएस समजू नका, त्यांत साखर फार असते आणि तिने जुलाब वाढू शकतात. जोडीला झिंक, रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. आणि खाणं बंद करू नका. पेज, मऊ खिचडी, केळं, ताक चालू ठेवा.

हे सगळं होत असेल आणि वर कुपी दिली, तर सुदृढ मुलाला सहसा अपाय होत नाही. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ लहान मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्या वेगळ्या वाणांच्या होत्या, तुमच्या कुपीतल्या नव्हेत, पण प्रोबायोटिक दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत फरक दिसला नाही. युरोपातले बालपोटविकारतज्ज्ञ अजून दोन-तीन ठरावीक वाणांना मान्यता देतात, अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये तीव्र जुलाबांत ते देऊ नका असं सांगितलं. आपल्याकडे कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये ३,७५८ मुलांना बारा आठवडे रोज एक प्रोबायोटिक पेय किंवा साधं पौष्टिक पेय दिलं, तेव्हा प्रोबायोटिकच्या गटात जुलाबांचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणजे फायदा आहे, पण तो आधीपासून रोज देऊन, आणि तोही थोडा. हात धुणं आणि उकळलेलं पाणी यांच्या आधी त्याचा नंबर लागत नाही.

काहींना प्रोबायोटिक माझ्या परवानगीशिवाय घेऊच देत नाही. केमोथेरपी चालू असलेले, गळ्यातल्या मोठ्या शिरेत नळी टाकलेले, अवयव बसवलेले, आयसीयूतले. त्यांच्यात हेच "चांगले" सूक्ष्मजीव रक्तात उतरू शकतात. स्वादुपिंडाच्या गंभीर सुजेच्या रुग्णांना नेदरलँड्समध्ये प्रोबायोटिक दिलं गेलं, २००८ मध्ये निकाल आला: दिलेल्या गटात १६ टक्के दगावले, न दिलेल्यात ६. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांना तर नवजात शिशुतज्ज्ञांनीच ठरवून द्यावं, घरच्यांनी नाही.

शेवटी ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या, वय ६१. "पोट साफ होत नाही" म्हणून आठ महिने वेगवेगळी प्रोबायोटिक्स घेत होत्या. पर्समध्ये चार कंपन्यांची पाकिटं होती, रबर लावून नीट ठेवलेली. मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू पांढरीफटक. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. दुर्बिणीत मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. ऑपरेशन झालं, त्या आज ठीक आहेत, पण ते आठ महिने मला अजून सलतात.

आईंना असं काही असेल असं मी म्हणत नाही, भाकरी सुटल्याचं कारण मला पुरेसं वाटतं. पण ६३ व्या वर्षी शौचाची सवय बदलली आणि पाच महिने बदललेलीच राहिली, तर त्यांना न तपासता मी नुसता आहार सांगून मोकळा होणार नाही. या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. जवळच्या डॉक्टरांना पोटावर हात ठेवून आणि गुदद्वारातून बोटाने तपासायला सांगा, ती तपासणी लाजेखातर राहून जाते. आईंना स्पष्ट विचारा: शौचात रक्त दिसतं का, काळी होते का, वजन उतरलं का, ब्लाउज सैल झाले का, रात्री पोटदुखीने जाग येते का, माहेरच्या कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का. यातलं एकाचंही उत्तर "हो" आलं, किंवा हिमोग्लोबिन कमी आलं, तर आहाराची वाट न बघता दुर्बिणीची तपासणी करून घ्या. सगळं ठीक आलं तर ताकभाकरी आणि इसबगोलाला सहा आठवडे द्या, आणि तेवढ्यानेही पोट सुधारलं नाही तर त्यांना घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा, गोळ्यांच्या डब्यासकट.